खाल्ल्या मिठाचा प्रश्न : 'सामना'मधले मास्तर आणि हिंदुराव

(चिमूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. नंतरच्या प्रश्नोत्तरांतला एकच प्रश्न शेवटी घेतला आहे.)



आजच्या विषयाचं नाव ठरवताना माझी जरा पंचाईत झाली. मला बोलायचं होतं मैत्रीवर आणि सिनेमा निवडला 'सामना'. सामना म्हणजे लढत. कुस्तीचा असतो, क्रिकेटचा असतो. त्यात मैत्री कुठून आली? गेली पन्नास वर्षं आपण हा सिनेमा असाच समजून घेत आलो. एकीकडे साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, दुसरीकडे दारुडा पण सच्चा मास्तर. एक सत्ता, एक सत्य, आणि शेवटी सत्याचा विजय. परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील.

मला आज म्हणायचंय ते असं, की हा सिनेमा एका मैत्रीचा आहे. लढत आहे, पण ती त्या मैत्रीच्या पोटात आहे. आणि तिथे आहे म्हणूनच ती अजून बोचते. दोन अनोळखी शत्रूंची लढत आपण पडद्यावर पाहतो आणि घरी जाऊन जेवतो. ज्याच्या घरी जेवलो त्यालाच प्रश्न विचारायची वेळ आली तर काय करायचं, हा मात्र आपल्या घरातला प्रश्न आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरातला. माझ्याही.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक जब्बार पटेल, त्यांचा हा पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे, संगीत भास्कर चंदावरकरांचं. 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. मास्तर झालेत डॉ. श्रीराम लागू, हिंदुराव झालेत निळू फुले.

गोष्ट अशी. पश्चिम महाराष्ट्रातलं, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं एक गाव. तिथे एक दारू प्यालेला, कळकट माणूस येऊन पडतो. हिंदुरावांची नजर त्याच्यावर जाते आणि ते त्याला वाड्यावर आणतात. खाऊ घालतात, प्यायला देतात, आपलं साम्राज्य दाखवतात. माणूस शिकलेला निघतो. स्वातंत्र्याच्या लढ्यातला, गांधींच्या वाटेवरचा. आता सगळ्यावरचा विश्वास उडालेला. गावात राहता राहता मास्तरच्या कानावर एक नाव येतं : मारुती कांबळे. फौजेतून परत आलेला गडी. हिंदुरावांपुढे मान वर करून उभा राहिला, आणि मग दिसेनासाच झाला. त्याचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत सुटतो. ज्याला विचारावं तो गप्प होतो. शेवटी सत्य बाहेर येतं, आणि हिंदुराव कायद्याच्या हाती जातात.

मारुती कांबळेचा तो प्रश्न आता इतका प्रसिद्ध झालाय, की ज्यांनी सिनेमा पाहिला नाही तेही राजकारणावर बोलताना तो वापरतात. प्रश्न म्हण झाला की एक तोटा होतो. तो कुणी विचारला, कुणाच्या ओसरीवर बसून विचारला, हे आपण विसरून जातो.

तर ओसरीपासून सुरुवात करू.

हिंदुराव त्या माणसाला घरी का आणतात? शंका हे कारण आहेच. सत्तेतल्या माणसाला गावात आलेला प्रत्येक अनोळखी माणूस कुणीतरी पाठवलेला वाटतो. ठीक आहे. पण शंका फिटायला किती वेळ लागतो? दोन दिवस. मग त्याला एस.टी.त बसवून द्यायचं, हातावर पन्नास रुपये ठेवायचे, विषय संपला. हिंदुराव तसं करत नाहीत. ते त्याला ठेवून घेतात. सगळं हिंडून दाखवतात.

तुमच्यापैकी बरेच जण शेतकरी आहेत. पाहुणा आला की आपण त्याला शेतावर नेतो. बांधावर उभं करून म्हणतो, पहा, यंदा धान कसं आहे. कुणाला नेतो? सावकाराला आपण कौतुकाने शेत दाखवत नाही, गड्यालाही नाही. ज्याच्या डोळ्यांत आपलं काम कसं दिसतं हे आपल्याला जाणून घ्यायचं असतं, त्याला दाखवतो. हिंदुरावांना मास्तरचं मत हवंय. हा माणूस त्यांच्या मतदारसंघातला नाही, सभासद नाही, कर्जदार नाही. त्याच्या 'वा' म्हणण्याचा काडीचा उपयोग नाही. आणि म्हणूनच तो 'वा' म्हणाला असता तर तो खरा असता. हिंदुरावांच्या भोवती दिवसभर 'होय साहेब' म्हणणारी माणसं आहेत. अशा माणसाला किती एकटं वाटत असेल, याचा आपण विचार करत नाही. करावा असं मी म्हणत नाही. पण तेंडुलकरांनी तो केलाय.

आता मास्तरकडून पहा. तो का राहतो? फुकटची दारू, हे सरळ उत्तर आहे आणि ते खोटं नाही. पण दारू त्याला कुठेही मिळाली असती. त्याला इथे आणखी काहीतरी मिळतंय. फार वर्षांनी कुणीतरी त्याला माणूस म्हणून समोर बसवलंय, त्याचं बोलणं ऐकून घेतंय. मास्तरच्या बोलण्यात टोमणे आहेत, पण टोमणा मारायलासुद्धा ऐकणारा लागतो. रस्त्यावर पडलेल्या दारुड्याचे टोमणे कोण ऐकतं?

दोघांचं वय लक्षात घ्या. मास्तर आपल्याला म्हातारा वाटतो, कारण तो खचलाय. पण हिशोब करा. बेचाळीस साली तो पंचविशीत असेल, तर सिनेमाच्या वेळी पन्नाशीच्या पुढे, साठीच्या आत. भूमिका करताना लागू स्वतः चाळिशीच्या उत्तरार्धात होते, निळूभाऊ त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. म्हणजे या उतारवयातल्या गप्पा नाहीत. जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि अजून बरंच आयुष्य काढायचंय, अशा मधल्या वयातल्या दोघांची ही गाठ आहे. ते वय अवघड असतं. माझ्यासारख्यांना ठाऊक आहे.

आणि दोघं एकाच स्वप्नाची लेकरं आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. मास्तरचं स्वप्न उघड आहे : स्वराज्य. पण हिंदुरावांच्या मागे काय आहे? सहकारी साखर कारखाना. आज आपण तो शब्द ऐकला की नाक मुरडतो. पण 1950 साली लोणीला, प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून आणि धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन कारखाना उभा केला, तेव्हा ते स्वराज्याचंच पुढचं पाऊल होतं. उसाच्या मालकाने साखरेचाही मालक व्हायचं. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. गावातल्या माणसाच्या हाती पैसा आला, रस्ता आला, शाळा आली. हिंदुराव या सगळ्याचं फळ आहे. फळ किडलंय, पण झाड तेच आहे. मास्तर त्याच झाडाखाली पडलेला माणूस. एकाला स्वराज्याने रस्त्यावर आणलं, एकाला वाड्यात नेऊन बसवलं. आणि ते एकमेकांना ओळखतात! मास्तरला हिंदुरावांत आपण जिंकलो असतो तर काय झालो असतो ते दिसतं. हिंदुरावांना मास्तरमध्ये, आपण ज्यांच्या नावाने भाषणं करतो ती माणसं प्रत्यक्षात कशी दिसतात, ते दिसतं.

माझं एक म्हणणं अजून आहे. सिनेमाच्या सुरुवातीला भ्रमनिरास एकाचाच झालेला आहे, मास्तरचा. हिंदुराव खुशीत आहेत. शेवटी दोघांचाही झालेला असतो. मास्तरच्या सोबतीचा हिंदुरावांवर झालेला परिणाम तो हा. त्यांना आपलं साम्राज्य पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसायला लागतं. शत्रू असता तर त्याला मारुती कांबळेसारखं बाजूला करता आलं असतं. मित्राच्या नजरेचं काय करणार?

जरा अभिनयाकडे येऊ. झाडीपट्टीची नाटकं पाहत मोठी झालेली माणसं इथे आहेत, तुमच्यासमोर अभिनयावर बोलताना जपून बोलावं लागतं. (हशा.) रात्रभराच्या नाटकात बेवडा आला की प्रेक्षक आधीच हसायला तयार असतात, आणि पाटील आला की शिव्या द्यायला. दोन्ही ठरलेली पात्रं. 'सामना'मध्ये हीच दोन ठरलेली पात्रं घेतली आहेत आणि दोन्ही नटांनी ती मोडली आहेत. लागूंचा बेवडा फार तोलामुखात हसवत नाही. पाय डगमगतात, शब्द डगमगत नाहीत. शरीर पडलंय आणि भाषा उभी आहे, असा तो माणूस. निळूभाऊंचं उलट. त्या काळच्या तमाशापटांतून त्यांचा खलनायक सगळ्यांना पाठ झाला होता. इथे ते आवाज खाली आणतात. ऐकून घेतात. हिंदुरावांचा सगळ्यात धोकादायक क्षण ओरडण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. दोघांच्या प्रसंगात कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो तेव्हा तुम्ही ऐकणाऱ्याकडे लक्ष ठेवा. मग तुम्हाला मैत्री दिसेल.

याच्या थोडंच आधी, 1972 साली तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल' आलं होतं. दिग्दर्शक जब्बारच, संगीत चंदावरकरांचंच. तिथेही सत्तेतला एक माणूस एका उपऱ्याला जवळ करतो. नाना फडणवीस घाशीरामला कोतवाल करतो, वापरतो आणि काम झालं की लोकांच्या हाती देतो. 'सामना'त तेच उलटं झालंय. सत्ता उपऱ्याला जवळ करते आणि उपराच तिला उलगडून ठेवतो. फरक कशाने पडला? घाशीरामला काहीतरी हवं होतं, आणि त्याची किंमत द्यायला तो तयार होता. मास्तरला काही नको आहे. ज्याला काही नको त्याला विकत कसं घेणार? मोहन आगाशे घाशीराममध्ये नाना होते, इथे ते मारुती कांबळे आहेत. एकाच नटाने सत्तेचा चेहराही केला आणि सत्तेने पुसून टाकलेला चेहराही.

आता मिठाकडे येतो. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. चांगली म्हण आहे. गरिबाच्या घरातली इमानदारी तिच्यात आहे. पण ही म्हण सत्तेच्या फार सोयीची आहे, हेही खरं. एखादा माणूस गावाला जेवू घालतो, लग्नाला मदत करतो, दवाखान्याचं बिल भरतो, पोराला नोकरीला लावतो. सगळं गाव त्याचं मीठ खातं. मग विचारणार कोण? 1973 साली हिंदीत 'नमकहराम' नावाचा सिनेमा आला होता. कारखानदाराचा मुलगा आणि त्याचा गरीब मित्र. तिथेही मीठ आणि मैत्री समोरासमोर येतात. पण ती तरण्या पोरांची, जुनी, भावनेने भिजलेली मैत्री होती. 'सामना'तली मैत्री कोरडी आहे. गळ्यात गळा नाही, शपथा नाहीत. त्यामुळे मिठाचा प्रश्न इथे जास्त उघडा पडतो. मास्तर हिंदुरावांचं मीठ खातो, दारूही पितो, आणि त्यांच्याच अंगणात प्रश्न विचारतो. तो नमकहराम आहे का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दुसऱ्या कुठल्या सिनेमाकडे जावं लागलं नाही. चिमूरकडे यावं लागलं.

16 ऑगस्ट 1942. नागपंचमी. तुम्हाला मी काय सांगणार? त्या दिवशी इथे काय झालं, ते तुमच्या घराघरांत सांगितलं जातं. तुकडोजी महाराजांची भजनं, निघालेला मोर्चा, गोळीबार, बालाजी रायपूरकर यांचं हौतात्म्य, चिडलेल्या जमावाच्या हातून मारले गेलेले अधिकारी, आणि मग लष्कर आणि पोलिसांनी गावावर केलेला जुलूम, स्त्रियांवरचे अत्याचार. मला त्यापुढची एक गोष्ट आठवून द्यायची आहे. सेवाग्रामच्या आश्रमातले प्राध्यापक भन्साळी. त्यांची मागणी काय होती? चिमूरच्या स्त्रियांचं काय झालं याची चौकशी करा. बस्स. कुणाला फाशी द्या असं नाही, राज्य सोडा असंही नाही. काय झालं ते विचारा, एवढंच. पण सरकारला तेवढंही नको होतं.

आणि भन्साळी ही मागणी घेऊन गेले कुणाच्या दारी? दिल्लीला, बापूजी अण्यांच्या. लोकनायक अणे म्हणजे आपल्या वऱ्हाडातला माणूस, टिळकांच्या तालमीतला, त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळी इंग्रजाच्या दारात गेले नाहीत. आपल्या माणसाच्या दारात गेले. तुम्ही चिमूरला चला, चौकशी लावा, म्हणाले. आणि तिथेच उपास मांडला. पोलिसांनी त्यांना उचलून परत सेवाग्रामला आणून सोडलं. ते चिमूरच्या वाटेला लागले, तर पुन्हा परत आणलं. मग त्यांचा तो मोठा उपास. 63 दिवस. 12 जानेवारी 1943 ला तो सुटला.

पहा आता. मास्तरने जेवून विचारलं, भन्साळींनी न जेवता विचारलं. पण दोघांनी विचारलं आपल्याच माणसाच्या घरात बसून. भन्साळींनी अण्यांना शत्रू मानलं असतं तर त्यांच्या घरी उपास केलाच नसता. शत्रूच्या दारात आपण निदर्शनं करतो. ज्याच्या मनाला अजून पाझर फुटेल असं वाटतं, त्याच्या दारात माणूस उपाशी बसतो. विचारणं हाच तिथे विश्वास आहे. पुढे फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींच्या उपासाच्या वेळी अण्यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. तो चिमूरमुळे दिला असं मी म्हणत नाही. पण दारातून उचलून नेलेला तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून माझं उत्तर असं : मास्तर मिठाला जागलाय. हिंदुरावांच्या भोवती मीठ खाऊन गप्प बसलेली माणसं शेकड्यांनी आहेत, त्यांनी हिंदुरावांना खड्ड्यात नेलं. ज्या एका माणसाने तोंडावर विचारलं, त्याने त्यांना निदान एकदा माणसासारखं वागायची संधी दिली. ती उशिरा आली, तिची किंमत जबर होती. पण दिली मित्रानेच.

इथवर कौतुक झालं. आता सिनेमात मला काय खटकतं ते सांगतो, नाहीतर ही आरती होईल.

पहिली गोष्ट दारूची. मास्तर दारू पितो ते त्याच्या दुःखाचं चिन्ह म्हणून. आपल्याला त्याची कीव येते, थोडा आदरही वाटतो. पण मी हे चिमूरला बोलतोय. डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदीसाठी बायका याच चिमूरहून पायी नागपूरला विधानसभेवर गेल्या होत्या. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपूरची बंदी 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. ती उठणं बरोबर की चूक, यावर या सभागृहातच दोन तट पडतील. पण जिने दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला दार उघडलंय, तिला मास्तरचं पिणं इतकं सुंदर दिसेल का? मास्तरच्या मागे घर होतं की नव्हतं, त्या घराचं काय झालं, हे सिनेमा विचारत नाही. दोन पुरुष बसून पितात आणि देशाच्या दुःखावर बोलतात, त्या वेळी ताट वाढणारी कोण आहे, ती काय ऐकते? हाही प्रश्न मास्तरने विचारायला हवा होता.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ही मैत्री दोघांची, पण ती उभी आहे तिसऱ्या माणसावर. मारुती कांबळे. आडनावावरून आपण महाराष्ट्रात जे समजतो ते समजतोच. या माणसाने जिवंतपणी तेच केलं जे मास्तर करतो. हिंदुरावांसमोर उभा राहिला, बोलला. त्याला काय मिळालं? त्याला कुणी ओसरीवर बसवलं नाही. त्याचे टोमणे कुणी कौतुकाने ऐकले नाहीत. मास्तरला प्रश्न विचारायला जी जागा मिळाली ती त्याच्या शिक्षणाने, त्याच्या भाषेने, त्याच्या जुन्या त्यागाने, आणि त्याच्या उपरेपणाने मिळवून दिली. मारुती बोलला तेव्हा तो उद्धटपणा झाला. मास्तर बोलला तेव्हा ते सत्य झालं. शब्द कदाचित सारखेच असतील.

सिनेमाला हे ठाऊक आहे का? मला वाटतं अर्धवट ठाऊक आहे. नाव मारुती कांबळेचं गाजतं, चेहरा मात्र मास्तर आणि हिंदुरावांचा लक्षात राहतो. पन्नास वर्षांनी आपण मैत्रीवर व्याख्यान देतो तेही त्या दोघांच्याच. मीही आज तेच करतोय, हे कबूल करून पुढे जातो.

शेवटचा मुद्दा पडद्याबाहेरचा. लागू आणि फुले. एक कान-नाक-घशाचे सर्जन, परदेशात डॉक्टरी करून आलेले, 1969 मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झालेले. दुसरे राष्ट्र सेवा दलातून आलेले, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून काम केलेले, लोकनाट्यातून वर आलेले. एक 'नटसम्राट'चे अप्पा बेलवलकर, एक 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजवणारा वगातला नट. यांची दोस्ती जमायचं तसं काही कारण नव्हतं. ती जमली, आणि तिने एक काम केलं. दोघांनी इतर कलावंतांना घेऊन 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला हातभार लावला. नरेंद्र दाभोलकर त्या कामात होते. निधीचा उद्देश साधा : जी माणसं पूर्णवेळ समाजाचं काम करतात त्यांना दरमहा काही मानधन मिळावं.

मला यात 'सामना'चं खरं उत्तर दिसतं. मास्तर रस्त्यावर का पडला होता? कारण लढा संपल्यावर त्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मग त्याला ज्याने उचललं त्याचंच मीठ खावं लागलं. कार्यकर्ता एका माणसाच्या मेहेरबानीवर जगू लागला की त्याचा प्रश्न विचारायचा हक्क धोक्यात येतो. तो समाजाच्या कृतज्ञतेवर जगला तर ते मीठ सगळ्यांचं असतं, आणि सगळ्यांच्या मिठाला जागायचं म्हणजे विचारत राहायचं. पडद्यावर जे दोघं समोरासमोर होते त्यांनी पडद्याबाहेर याची सोय करायचा प्रयत्न केला. निधी फार मोठा नव्हता. पण त्याचं नाव पहा, मदत निधी नाही, कृतज्ञता निधी. मदत आणि कृतज्ञता यांत जेवढं अंतर आहे तेवढंच हिंदुरावांची ओसरी आणि मैत्री यांत आहे.

इथे थांबतो. 

(प्रश्नोत्तरांतून)

एक तरुण श्रोता : सर, मास्तर बाहेरगावचा होता. प्रश्न विचारला आणि गेला, त्याचं काय अडलंय? आम्हाला इथेच राहायचंय. आमचं घर इथे, शेत इथे, सातबाऱ्यावरची नोंद इथे, उद्या दाखला लागला तर सही त्याच माणसाची. मित्र म्हणा का आणखी काही म्हणा, आम्ही विचारलं तर काय होईल?

व्याख्याते : तुमच्या प्रश्नाने माझं अर्धं व्याख्यान खाली बसलं. (हशा.) खरं सांगतो, सिनेमात याचं उत्तर आहे आणि ते चांगलं नाही. गावातल्या माणसाने विचारलं तर काय होतं? मारुती कांबळे गावचाच होता. तो इथेच राहणार होता.

त्यामुळे एकट्याने विचारा, असा सल्ला मी देणार नाही. मी उद्या सकाळच्या गाडीने जाणार, मी मास्तरच आहे एका अर्थाने. पण एक गोष्ट पहा. मास्तर ज्याला त्याला विचारत गेला. ज्याला विचारलं तो गप्प बसला, पण प्रश्न त्याच्याकडे राहिला. असं करत करत सगळ्या गावाकडे एकच प्रश्न झाला, आणि सगळ्यांना ठाऊक झालं की तो सगळ्यांकडे आहे. मारुती बोलला तेव्हा तो एकटा होता, कारण त्याच्या शेजाऱ्याने तोंड उघडलं नाही. त्याच्या नावाची आठवण पडते ती त्या शेजाऱ्याला पडावी. बाहेरच्या मास्तरची वाट गावाने पाहू नये.

आणि तुम्ही ते आत्ता या माइकवर, या सगळ्यांसमोर बोललात. नाव न घेता बोललात, हेही शहाणपणाचं केलंत.